होणाऱ्या नवऱ्याची आवडती कादंबरी

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील मजकूर इतर वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. तुम्ही पुण्यात नोकरी करता. नात्यातून आलेले एक स्थळ तुम्हाला पसंत पडले असून दिवाळीनंतर साखरपुडा करावा, असे दोन्ही घरांत जवळजवळ ठरले आहे. मुलगा सीए आहे, मुंबईत बीकेसीमधल्या एका गुंतवणूक कंपनीत काम करतो, राहणीने नीटनेटका आहे आणि मोठ्यांशी आदराने बोलतो. त्याने आपली सर्वांत आवडती कादंबरी म्हणून ब्रेट ईस्टन एलिस यांची ‘अमेरिकन सायको’ तुम्हाला भेट दिली. तुम्ही ती सुमारे एक तृतीयांश वाचली आणि फुटपाथवर बसलेल्या एका बेघर माणसाचे डोळे नायक चाकूने फोडतो, त्या पानावर मिटून ठेवली. हे त्याला सांगितल्यावर तो हसून म्हणाला, “तुला त्यातला विनोदच कळला नाही.” त्यानंतर त्याने कादंबरीवरच्या चित्रपटातल्या नायकाच्या सकाळच्या व्यायामाचे आणि चेहऱ्याच्या निगेचे एक रील पाठवले आणि खाली लिहिले, “शिस्त असावी तर अशी.” तुमच्या आत्या म्हणतात की हे स्थळ आताच सोडून द्यावे. तुमची मैत्रीण म्हणते की पुस्तकावरून माणूस ठरवणे हा खुळेपणा आहे. तुम्हाला जाणून घ्यायचे आहे ते हे की, पुस्तक नेमके काय आहे, ते शेवटपर्यंत वाचावे का, आणि ते आवडणाऱ्या माणसाविषयी काय समजावे. ताजा कलम म्हणून, अकरावीतल्या धाकट्या भावालाही ते वाचायचे आहे, असेही तुम्ही लिहिले आहे.

पहिल्या प्रश्नाला जास्त जागा देते, कारण त्याचे उत्तर नीट मिळाल्याशिवाय बाकीचे बोलणे हवेत राहील.

कादंबरी १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि ती १९८० च्या दशकाच्या अखेरीच्या न्यूयॉर्कमध्ये घडते. निवेदक पॅट्रिक बेटमन हा विशीतला, वॉल स्ट्रीटवरच्या ‘पियर्स अँड पियर्स’ या काल्पनिक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला तरुण आहे. मॅनहॅटनमध्ये एटी-फर्स्ट स्ट्रीटवर त्याचे घर आहे आणि त्याच इमारतीत टॉम क्रूझ राहतो. अवघा दिवस तो कपडे, व्यायाम, हॉटेलातले टेबल मिळवणे आणि मित्रांवर कुरघोडी करणे यांत घालवतो. रात्री तो माणसे मारतो, निदान मारतो असे आपल्याला सांगतो. चारशे पानांच्या या पुस्तकात तो काम करताना मात्र जवळजवळ कुठेच दिसत नाही. पैसा त्याला घरातूनच आलेला आहे. बेथनी ही त्याची जुनी मैत्रीण त्याला विचारते की, एवढे असताना तू ही नोकरी सोडून का देत नाहीस. आणि तो सांगतो की त्याला चारचौघांसारखे असायचे आहे. माझ्या मते सगळी कादंबरी या एका उत्तरावर उभी आहे. ज्याला तुमचे मित्रवर्य शिस्त म्हणतात ती या माणसाने चारचौघांत खपून जाण्यासाठी केलेली धडपड आहे, आणि ती इतकी यशस्वी होते की त्याला कोणी ओळखतच नाही.

हे मी लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही. पुस्तकात माणसे सतत एकमेकांना चुकीच्या नावाने हाक मारतात, कारण सगळ्यांचे सूट, चष्मे, केस आणि मते सारखीच आहेत. पॉल ओवेन नावाचा सहकारी बेटमनला मार्कस हॅल्बरस्ट्रॅम समजतो, आणि त्याच गैरसमजात त्याच्या हातून मरतो. व्हिजिटिंग कार्डांचा प्रसंग तुम्ही वाचला असेल. तो तुम्ही थांबलात त्याच्या बराच आधी येतो. चार तरुण जेवणाच्या टेबलावर आपापली नवी कार्डे काढतात, कागदाचा पांढरेपणा आणि जाडी तपासली जाते, टाइपाचे नाव मोठ्या आदराने घेतले जाते (तसा टाइप जगात अस्तित्वातच नाही), आणि दुसऱ्याचे कार्ड आपल्यापेक्षा सरस निघाल्यावर बेटमन आतून कोसळतो. स्थळांचे बायोडेटा समोरासमोर ठेवून पॅकेज आणि फ्लॅटचा कार्पेट एरिया ताडून पाहणारी वडीलधारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या प्रसंगातील विनोद समजावून सांगावा लागणार नाही. तेव्हा विनोद कळला नाही हा आरोप तुम्ही मनावर घेऊ नका. तुम्ही पुस्तक मिटलेत ते पान विनोदाचे नाहीच.

एलिस यांची युक्ती अशी की, बेटमन टाय, साबण, स्टिरिओ आणि मासळीच्या पदार्थाचे वर्णन ज्या स्वरात करतो, त्याच स्वरात पुढे मृतदेहाचे वर्णन करतो. आवाज चढत नाही, वाक्य अडखळत नाही. मध्येच तो जेनेसिस हा बँड, व्हिटनी ह्यूस्टन आणि ह्युई लुइस या त्या काळच्या लोकप्रिय गायकांच्या गाण्यांवर एकेक संपूर्ण प्रकरण लिहितो. सांगीतिक समीक्षेच्या थाटात, आणि त्यांतल्या पहिल्याच प्रकरणात ठासून सांगतो की १९८० च्या ‘ड्यूक’ या अल्बमपासूनच जेनेसिस ऐकण्यासारखा झाला. ही प्रकरणे रक्तपाताला लागून येतात. वाचताना आधी कंटाळा येतो, मग हसू येते, मग आपण कशाला हसलो ते लक्षात येऊन घशाशी येते. पहिला एक तृतीयांश भाग तुम्हाला “ब्रँडची यादी” वाटला असे तुम्ही लिहिले आहे. तो तसाच वाटावा म्हणून लिहिलेला आहे, आणि तुम्ही जिथे थांबलात तिथेच त्या यादीचा खरा उपयोग सुरू होतो.

बेटमन गुन्हे लपवत नाही, हा या उपरोधाचा दुसरा आणि मला अधिक कडवट वाटणारा भाग. तो पुनःपुन्हा कबुली देतो आणि ती कोणाच्या कानांत शिरत नाही. आपला धंदा खून आणि देहदंड यांचा आहे असे तो एका तरुणीला सांगतो, तर गोंगाटात तिला ते कंपन्यांचे विलीनीकरण आणि खरेदी असे ऐकू येते. शेवटाकडे तो आपल्या वकिलाच्या फोनवर सर्व खुनांचा पाढा वाचून ठेवतो. पुढे वकील भेटतो तेव्हा त्यालाच दुसरा कोणी समजून म्हणतो की, विनोद झकास होता, फक्त बेटमनसारख्या लाळघोट्या माणसाचे नाव घ्यायला नको होते, कारण त्याच्याकडून असे काही होईल हे पटत नाही. शिवाय ज्याला मारल्याचे बेटमन सांगतो, त्या ओवेनबरोबर आपण लंडनमध्ये नुकतेच जेवलो, असेही तो सांगतो. मग खून झाले की नाहीत? कादंबरी उत्तर देत नाही. ओवेनच्या ज्या फ्लॅटमध्ये आपण खून केल्याचे बेटमन सांगतो, तिथे तो परत जातो, तेव्हा तिथे घर दाखवणाऱ्या दलाल बाई आहेत, भिंती स्वच्छ आहेत, खोल्यांमध्ये फुलेच फुले आहेत, आणि बाई त्याला शांतपणे बजावतात की गडबड न करता निघून जा, पुन्हा येऊ नका. त्या बाईंना सगळे माहीत आहे आणि फ्लॅटची किंमत उतरू नये एवढीच त्यांना काळजी आहे, असे मला ते प्रकरण वाचताना नेहमी वाटते. तुमची आत्या त्यात खून शोधतील, मला त्यात मालमत्तेचा बाजार दिसतो.

एलिस तेव्हा पंचविशीतले होते. त्यांनी मुलाखतींत सांगितले आहे की, वॉल स्ट्रीटवरच्या तरुणांबरोबर ते काही काळ हिंडले, पण ती मंडळी कामाविषयी बोलेनात, बोलत ती कपडे, हॉटेले आणि सुट्ट्या यांविषयीच. आणि अशाच एका जेवणाच्या वेळी आपला नायक खुनी करायचा असे त्यांच्या मनात आले. पुढे त्यांनी असेही मान्य केले की बेटमनचे एकाकीपण आणि राग बऱ्याच अंशी त्यांचे स्वतःचेच होते. हा काळ लक्षात घ्या. १९ ऑक्टोबर १९८७ या एका दिवसात न्यूयॉर्कच्या शेअर बाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक २२.६ टक्के कोसळला होता, शहरात बेघरांची गर्दी होती, एड्सने माणसे मरत होती, आणि वर्तमानपत्रांत डोनाल्ड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाचे कौतुक चालू होते. बेटमनचे दैवत ट्रम्पच आहेत. हॉटेलात शिरल्यावर ते कुठे बसले आहेत का, याकडे त्याचे लक्ष असते. पुढच्या इतिहासामुळे हा धागा आज वेगळाच वाचला जातो, परंतु तो आपला विषय नाही.

प्रकाशनाची हकिकत लवकर उरकते. सायमन अँड शुस्टर या प्रकाशकांनी तीन लाख डॉलरची आगाऊ रक्कम दिली होती. टीका वाढल्यावर नोव्हेंबर १९९० मध्ये त्यांनी पुस्तक छापायचे रद्द केले. ते लगेच उचलले सनी मेहता यांनी. हे दिल्लीत जन्मलेले, बिजू पटनाईक यांचे जावई आणि तेव्हा क्नॉफ या प्रकाशनसंस्थेचे प्रमुख. मार्च १९९१ मध्ये पुस्तक व्हिंटेज या प्रकाशनातर्फे कागदी बांधणीत बाहेर आले. ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ या संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेने बहिष्काराची हाक दिली. जर्मनीत १९९५ ते २००० या काळात त्याच्या विक्रीवर निर्बंध होते. ऑस्ट्रेलियात ते वेष्टनात बंद करून केवळ प्रौढांना विकले जाते.

आता तुम्ही न विचारलेला, पण पत्राच्या ओळींमधून दिसणारा प्रश्न: स्त्रियांवरच्या अत्याचारांची ती पाने उपरोध या नावाखाली माफ करायची का? माझे मत सांगते. उपरोध पूर्ण होण्यासाठी जेवढी पाने लागली असती, त्यापेक्षा एलिस यांनी जास्त लिहिली आहेत. निवेदक स्त्रीला वस्तू समजतो, हे दाखवणे एक गोष्ट. पण पुस्तकातील बहुतेक स्त्रियांना अंतरंगच न देणे ही लेखकाची निवड आहे, आणि त्याची सेक्रेटरी जीन सोडली तर या बाबतीत लेखक निवेदकापासून फारसा लांब उभा राहत नाही. बहिष्कार मला पटत नाही, संताप मात्र पटतो. गमतीची गोष्ट अशी की हे पुस्तक पुरुषी अहंकाराची थट्टा आहे असे सर्वांत स्पष्टपणे दाखवून दिले ते दोन स्त्रियांनी: २००० सालच्या चित्रपटाच्या दिग्दर्शिका मेरी हॅरन आणि त्यांच्याबरोबर पटकथा लिहिणाऱ्या गिनेव्हीर टर्नर यांनी. त्यांनी हिंसा बरीचशी पडद्याबाहेर ठेवली आणि बेटमनला हास्यास्पद केले. क्रिश्चन बेल यांनी ती भूमिका तशीच केली. त्या चित्रपटात जेवणाच्या टेबलावर श्रीलंकेत शीख लोक इस्रायलींना मारत आहेत असे एक वाक्य मोठ्या गांभीर्याने उच्चारले जाते. भारतीय प्रेक्षक तिथे इतरांच्या आधी हसतो.

तेव्हा पूर्ण वाचावे का? वाचणे तुमच्यावर बंधनकारक नाही, आणि होणाऱ्या नवऱ्याची परीक्षा म्हणून वाचावे असे तर मुळीच नाही. पण तुम्हाला स्वतःला कुतूहल असेल, तर चाळत वाचण्यास माझी हरकत नाही, कारण ही कादंबरी कथानकावर चालत नाही आणि पाने गाळल्याने हरवत नाही. ज्या प्रकरणांच्या शीर्षकात ‘गर्ल’ किंवा ‘गर्ल्स’ हा शब्द आहे ती सरळ ओलांडावीत. बेथनीबरोबरच्या दुपारच्या जेवणाचे प्रकरण आणि प्राणिसंग्रहालयातले प्रकरणही वगळावे. त्याऐवजी पोलिसांच्या पाठलागाचे प्रकरण वाचा, जिथे भर धावपळीत निवेदक ‘मी’ म्हणता म्हणता स्वतःला ‘तो’ म्हणू लागतो; दलाल बाईंचे आणि वकिलाच्या भेटीचे प्रकरण वाचा; आणि जीनबरोबर कॉफी पितानाचे, ‘ऐंशीच्या दशकाचा शेवट’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे प्रकरण वाचा. तसेच पुस्तकाच्या सुरुवातीला जी अवतरणे आहेत, त्यांतील दुसरे चुकवू नका. पहिले रशियन कादंबरीकार दोस्तोएव्हस्कीचे आहे, हे अपेक्षितच. दुसरे ज्युडिथ मार्टिन यांचे आहे, ज्या अमेरिकी वर्तमानपत्रांत शिष्टाचारावर सल्ला देणारे सदर लिहितात. मनात येईल ते प्रत्येकाने केले तर आपण एकमेकांचे जीवच घेऊ, अशा आशयाचे ते आहे. अशा पुस्तकाच्या दारात आमच्या व्यवसायातील एक बाई उभ्या आहेत, याचा मला थोडा अभिमान वाटतो.

राहता राहिला मुलगा. कादंबरी आवडणे हा दोष नाही. ती आवडणारे अनेक समंजस, सुस्वभावी वाचक मला माहीत आहेत, आणि त्यांतले काही वित्तक्षेत्रातच काम करतात; त्यांना ती आवडते कारण आपल्या कचेरीतली माणसे त्यात त्यांना ओळखू येतात, आणि कधी कधी स्वतःही. म्हणून भेट मिळालेल्या पुस्तकाने मला चिंता वाटली नाही. रीलखालच्या ओळीने थोडी वाटली, आणि “तुला विनोदच कळला नाही” या उत्तराने त्याहून अधिक वाटली.

रीलचे आधी. चित्रपटात तो सकाळचा दिनक्रम जिथे संपतो, तिथे बेटमन चेहऱ्यावरचा लेप सोलून काढतो आणि सांगतो की पॅट्रिक बेटमन नावाची एक कल्पना आहे, पण खरा मी असा कोणी नाहीच. तुम्ही वर्णन केलेल्या रीलमध्ये हे वाक्य नाही. ते कापून केवळ व्यायाम आणि लेप ठेवले आहेत. गेली काही वर्षे समाजमाध्यमांवर बेटमनला स्वयंपूर्ण, कणखर पुरुषाचा आदर्श म्हणून मिरवणाऱ्या चित्रफितींचे पीक आले आहे, आणि त्यांतल्या बहुतेकांना पुस्तकाचा गंध नसतो. कदाचित तुमच्या या मुलाने कादंबरी वाचलेलीच नसेल. हे दोषारोप म्हणून म्हणत नाही. न वाचलेली पुस्तके आवडती म्हणून सांगण्याची चाल जुनी आहे, आणि लग्न जमवताना तर ती फारच चालते. पण तसे असेल, तर तुमच्यासमोर बेटमनचा चाहता नसून रील पाहून व्यायामशाळेत जाणारा एक तरुण आहे, आणि ही बाब खूपच साधी आहे.

त्याच्याशी बोला. खुनांविषयी विचारू नका, कारण त्यावर कोणीही योग्य तेच उत्तर देईल. व्हिजिटिंग कार्डांच्या प्रसंगात तो कोणाला हसतो, ते विचारा. बेटमनला ‘डॉर्सिया’ हॉटेलात टेबल मिळत नाही आणि त्याच्या धाकट्या भावाला, जो त्याच्या मते नालायक आहे, ते सहज मिळते, त्याविषयी विचारा. बेटमन आणि त्याची वाग्दत्त वधू म्हणवणारी इव्हलिन एकमेकांचे एकही वाक्य का ऐकत नाहीत, हे त्याला कसे वाटते ते विचारा, आणि तो उत्तर देत असताना तुमचे किती ऐकतो तेही पाहा. बेटमन मूर्ख आणि केविलवाणा आहे असे तो स्वतःहून म्हणाला, तर तुमची शंका बहुतांशी फिटली असे समजा. बेटमनचे थोडे चुकले, पण बाकी माणूस जबरदस्त होता, अशा सुरात बोलू लागला, तर साखरपुड्याची तारीख पुढे ढकलायला सांगा आणि कारण म्हणून पुस्तकाचे नाव घेऊ नका. अजून ओळख पुरेशी झाली नाही, एवढे खरे कारण पुरेसे आहे.

आणि ते वाक्य. तुम्ही एका बेघर माणसाचे हाल वाचून पुस्तक मिटले, तेव्हा समोरच्याने तुम्हाला काय वाटले हे विचारायला हवे होते. त्याने तुमच्या समजेत खोट काढली. एकदाच घडले असेल तर अवघडलेपणातून घडले असेल, पुरुषांना आपल्या आवडीचा बचाव करताना असे होते. परंतु राजकारण, चित्रपट, तुमची नोकरी, जेवणाचा पदार्थ अशा इतर गोष्टींतही “तुला कळत नाही” हे वाक्य त्याच्या तोंडी येते का, हे आतापर्यंतच्या भेटी आठवून पाहा. येत असेल, तर त्याचा संबंध एलिस यांच्याशी नाही, आणि आत्यांचे म्हणणे वेगळ्या कारणासाठी का होईना, विचारात घ्यावे लागेल. एक गोष्ट आणखी पाहता येईल. कादंबरीतली ही मंडळी भिकाऱ्यापुढे नोट नाचवून परत खिशात घालतात आणि वेटरशी माणूस म्हणून बोलत नाहीत. मुलगा तुमच्याशी आणि तुमच्या आईवडिलांशी आदराने बोलतो हे चांगलेच आहे. वॉचमन, रिक्षावाले आणि पार्सल आणून देणारा पोरगा यांच्याशी कसा बोलतो, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही.

तुमच्या मैत्रिणीचे म्हणणे तत्त्वतः मला मान्य आहे. पण त्याने पुस्तक स्वतः निवडून, स्वतःची ओळख म्हणून तुमच्या हाती दिले आहे. तेव्हा त्यावर चार प्रश्न विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे आणि त्यात खुळेपणा काहीच नाही.

धाकट्या भावाला हे पुस्तक आता देऊ नका. अठरा पूर्ण झाल्यावर त्याला हवे तर वाचू दे. मात्र तो अकरावीत असून मोबाइल वापरतो, म्हणजे बेटमनची रील त्याने पाहिलेली असणारच. त्याला नुसते नको म्हणून थांबू नका. ज्या वकिलासमोर बेटमन सगळे कबूल करतो, तो त्याला ओळखतसुद्धा नाही आणि त्याच्यासमोरच त्याला लाळघोटा म्हणतो, एवढी गोष्ट त्याला नक्की सांगा.